नरसिंगरावांचं आभारप्रदर्शन

नरसिंगरावांच्या डोक्याबद्दल बोलायचं तर जरा अदबीनंच बोलायला हवं. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी घोडदळात होते आणि तेव्हापासून ही अर्धशिशी घराण्यात चालत आलेली. इतरांच्या घरात जमिनी आल्या, दागिने आले, कोर्टकज्जे आले. या घरात एक तलवार आली आणि एक अर्धशिशी आली. तलवार मागच्या पिढीत घर बदलताना कुठं गेली ती गेलीच. अर्धशिशी मात्र राहिली. त्यामुळं कुणी सहज "डोकं दुखतंय का हो?" असं विचारलं की नरसिंगराव मान ताठ करून "अर्धशिशी आहे" असं दुरुस्त करत, आणि मग त्या ताठ मानेमुळं ती आणखी दुखे.

नरसिंगराव भूमापन खात्यात नकाशे काढत. लष्कर मोहल्ल्यातल्या मराठा मंडळाचे ते चिटणीस होते, आणि मंडळात शुद्ध मराठी बोलणारा माणूस म्हणून त्यांचा दबदबा होता. आता म्हैसुरात दोनशे वर्षं राहिलेल्या घरांचं मराठी ते काय असणार? जेवणाला "ऊट झालं का" म्हणून वाक्य सुरू व्हायचं आणि "हो ना"ऐवजी "अल्वा" म्हणून संपायचं. मधे कुठंतरी मराठी. नरसिंगराव मात्र घरातसुद्धा "भोजन आटोपलं का" म्हणत. हे सगळं मराठी त्यांनी एका कामासाठी राखून ठेवलं होतं: मंडळाच्या वार्षिक संमेलनातलं आभारप्रदर्शन.

तुम्ही हसाल. आभारप्रदर्शन म्हणजे लोक चपला शोधत असतात तेव्हा होणारी गोष्ट. पण नरसिंगरावांनी ते तरुणपणापासून घोटून घोटून तयार केलं होतं. अध्यक्षांपासून आचाऱ्यापर्यंत कुणाचं नाव कुठल्या विशेषणासह घ्यायचं, आवाज कुठं खाली आणायचा, आणि शेवटी क्षणभर थांबून "कार्यक्रम संपन्न झाला असं मी जाहीर करतो" हे वाक्य कसं टाकायचं, सगळं तोंडपाठ. दुःख एवढंच, की ते त्यांना एकदाही करता आलं नव्हतं. दरवर्षी दुसऱ्या वक्त्याचं भाषण रंगात आलं की डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ठिणग्या नाचायला लागत, आणि आभाराच्या वेळी चिटणीस सभागृहामागच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांशेजारी उशाला टॉवेल घेऊन पडलेले असत. मग त्यांचे धाकटे चुलतभाऊ येसाजीराव माईक हातात घेत आणि सगळ्यांना एकदमच म्हणत, "एल्लारिगू थँक्स, ऊट तयार आहे, चला." टाळ्या त्यांनाच पडत. पंगती उठत आणि नरसिंगरावांच्या वाट्याचा बिसीबेळे भात डब्यातून घरी येई. तो भात ते दुसऱ्या दिवशी खात. तोवर तो सुरीनं कापावा लागे.

तर असा हा घराण्याचा ठेवा, आणि त्यावर औषध सांगायला अख्खा मोहल्ला तयार. शेजारच्या गिरिजाअक्का सुंठ आणि चंदन उगाळून लेप घेऊन येत. लेप असा जहाल, की डोक्याचं दुखणं कळेनासं होई, कारण कपाळ भाजलेलं असे. पलीकडचे वेंकोजीराव यांनी गोकुलममधलं वडिलांचं घर योगाच्या परदेशी विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलं होतं. भाड्याबरोबर आपल्याला योगविद्याही मिळते अशी त्यांची समजूत. त्यांनी नरसिंगरावांना ऐन दुखण्यात शीर्षासन घालायला लावलं. नरसिंगराव भिंतीला टेकून उलटे झाले, आणि घोडदळातल्या पणजोबांनीही कधी न पाहिलेल्या गोष्टी त्यांनी त्या अवस्थेत पाहिल्या. येसाजीरावांनी तर बेट्टदपुरच्या देवाला नवसच बोलून टाकला. नवस येसाजीरावांचा आणि भर उन्हात डोंगर चढायचा नरसिंगरावांनी. वर पोचल्यावर देवदर्शनाआधी त्यांना देवळामागं जाऊन उलटी करावी लागली.

आणि या प्रत्येकाला नरसिंगरावांनी काय सांगितलं असेल? "बरं वाटलं." गिरिजाअक्कांना सांगितलं, वेंकोजीरावांना उलट्या अवस्थेतच सांगितलं, येसाजीरावांना डोंगरावरून उतरताना सांगितलं. यात लबाडी नव्हती बरं का. औषध घेऊन दारी आलेल्या माणसाला नाराज करून पाठवायचं नाही, ही या घराची रीत. शिवाय "बरं वाटलं" म्हटल्याशिवाय माणूस उठत नाही आणि माणूस उठल्याशिवाय खिडकी लावून पडता येत नाही, हा अनुभव. पण त्याचा परिणाम असा झाला, की मोहल्ल्यात तीन माणसं आपण नरसिंगरावांची अर्धशिशी बरी केली म्हणून मिरवत होती, आणि नरसिंगराव महिन्यातून चारदा खिडकी लावून पडत होते.

शेवटी रुक्मिणीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना डॉक्टर पुष्पावतीकडं घेऊन गेल्या. ही जुन्या रंगाऱ्यांच्या घरातली मुलगी. आजोबा लुगड्यांवर ठसे मारायचे, नात बंगळूरला शिकून आली आणि तिनं बाजाराच्या मागं लहानसा दवाखाना थाटला होता. तिचं मराठी घरापुरतं होतं आणि ते ऐकून नरसिंगरावांनी पहिल्याच वाक्याला डोळे मिटले. पण तिनं जे विचारलं ते त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुखायला लागलं की किती वेळानं डोकेदुखीची गोळी घेता? घेतल्यावर गेलेलं दुखणं संध्याकाळी परत येतं का? आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, "काका, डोकं दुखल्यामुळं तुमचं कुठलं काम अडतं? कुठलं काम झालं की तुम्हाला समाधान?"

नरसिंगराव गोंधळले. डोकं दुखू नये, एवढंच समाधान त्यांनी गृहीत धरलं होतं. जरा खाकरून ते म्हणाले, "आभारप्रदर्शन."

ती हसली नाही. तिनं त्यांचा रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढून घेतला, आणि मग एक नवी गोळी दिली. म्हणाली, ही दुखणं स्वल्प आहे तेव्हाच घ्यायची, वाट बघत बसायचं नाही, आणि उठसूट पण घ्यायची नाही. नरसिंगरावांनी सांगून पाहिलं, की आमच्या घराण्यात थोड्या दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत. त्यावर ती म्हणाली, घराण्याला गोळी देत नाहीये मी, तुम्हाला देतेय.

पुढच्याच आठवड्यात कचेरीत, हुणसूर तालुक्याची शीव आखता आखता डोळ्यात ठिणगी उडाली. नरसिंगरावांनी मन घट्ट करून घराण्याचा अपमान केला आणि गोळी लगेच घेतली. रेकॉर्डच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. तासाभरानं डोकं जागेवर होतं. त्यांचा विश्वास बसेना. दोनदा मान हलवून पाहिली, एकदा जिना उतरून चढले. मग परत येऊन तीच शीव तिथूनच पुढं आखली. अर्धवट टाकलेलं काम त्याच दिवशी पुरं करण्याचा हा आनंद त्यांना नवा होता. संध्याकाळी घरात पाऊल टाकता टाकता ते म्हणाले, "रुक्मिणी, बरं वाटलं."

रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आता कोण आलं होतं?"

खरंखुरं बरं वाटलं तेव्हा सांगायला नरसिंगरावांजवळ शब्दच उरला नव्हता. होता तो त्यांनी लेपावर आणि शीर्षासनावर उधळून टाकला होता. रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी निर्णय जाहीर केला. शब्दानं भागत नसेल तर सत्कार. डॉक्टर पुष्पावतीचा, भर सभेत, शाल आणि फळांची करंडी देऊन, डोक्यावर म्हैसुरी पेटा, म्हणजे जरीची पगडी, घालून. म्हैसुरात माणसाचं काही भलं झालं की कुणाच्या तरी डोक्यावर पेटा चढतोच, तेव्हा यात कुणाला काही वावगं दिसणार नाही असं त्यांना वाटलं. इथं त्यांची चूक झाली.

बातमी दुपारपर्यंत भिंतीपलीकडं गेली. गिरिजाअक्का भिंतीशी आल्या, आणि मोठ्या शांतपणे म्हणाल्या, की आमचा लेप काय जोड्याला लावायचा होता? वेंकोजीरावांनी नमस्कार बंद केला. समोर दिसले तर ते आकाशाकडं बघून चालत. येसाजीराव थेट घरीच आले. नरसूअण्णा, म्हणाले, नवस मी बोललो, देवानं ऐकला, आणि पेटा त्या पोरीला? देवाला काय वाटेल? तिघांनीही एकच पुरावा पुढं केला: तुम्हीच तर म्हणाला होता, बरं वाटलं. एकाच्या जागी चार सत्कार ठरले. कार्यकारिणीत आणखी एक वाद निघाला, की बाईमाणसाला पेटा घालतात का. हळदकुंकू देऊन भागवावं. इथं मात्र नरसिंगराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, ज्यानं डोकं वाचवलं त्याच्या डोक्यावर पेटा, मग ते डोकं कुणाचंही असो. हे वाक्य इतकं चांगलं जमलं होतं, की त्यांनी ते घरी येऊन रुक्मिणीबाईंना परत म्हणून दाखवलं.

मग ध्वनिवर्धकाची परवानगी. पोलीस ठाण्यातल्या माणसाला लग्न माहीत होतं, गणपती माहीत होता, निवडणूक तर फारच माहीत होती. पण डोकेदुखी थांबली म्हणून सभा, हे कुठल्या सदरात बसवायचं? डॉक्टरीणबाई निवडणुकीला उभ्या राहणार असणार, असा त्याला संशय आला. नरसिंगरावांनी आपल्या घराण्याचा इतिहास सांगितला, तेव्हा त्याचा संशय पक्का झाला. तीन टेबलं फिरून ते हेडकॉन्स्टेबलसमोर पोचले. त्यानं सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि हलक्या आवाजात विचारलं, खरंच बरं वाटतं का? त्याच्या बायकोला वीस वर्षं हेच होतं. नरसिंगरावांनी त्याला सगळं खरं खरं सांगितलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच. परवानगी मिळाली. निघताना हेडकॉन्स्टेबल म्हणाला, तिला घेऊन मी स्वतः येतो, पहिल्या रांगेत बसवतो, तिला बघू दे एकदा.

समारंभाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागं कापडी फलक, "अर्धशिशीमुक्ती सोहळा". व्यासपीठावर चार सत्कारमूर्ती आणि चिटणीस. पहिल्या रांगेत हेडकॉन्स्टेबल आणि पदरानं अर्धं कपाळ बांधलेली त्याची बायको. आभार नरसिंगरावांकडं होते, आणि या खेपेला त्यांना मुळीच काळजी नव्हती. त्या भरात सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. म्हैसूर मल्लिगेचा, म्हणजे घमघमणाऱ्या मोगऱ्याचा, जाडजूड हार गळ्यात पडला, तो नाकाच्या बरोबर खाली आला. ध्वनिवर्धक किंचाळून बंद पडला, पुन्हा सुरू होऊन पुन्हा किंचाळला. आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून येसाजीरावांनी एक गुपित उघड केलं: रोग्याचाही सत्कार झाला पाहिजे म्हणून त्यांनी पाचवा पेटा आणला होता. पेटा दोन मापं लहान होता. येसाजीरावांनी तो दोन्ही हातांनी दाबून बसवला. टाळ्या पडल्या.

वेंकोजीराव दुसरे वक्ते. ते श्वासोच्छ्वासावर आले, आणि नरसिंगरावांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ अर्धंच दिसू लागलं. उरलेल्या अर्ध्या जागी ठिणग्या नाचत होत्या.

आता काय करावं? गोळी खिशात होती. पण भर सोहळ्यात, त्या फलकाखाली बसून गोळी काढायची म्हणजे सगळ्यांसमोर डॉक्टरणीच्या तोंडाला काळं फासायचं. उठून कोठीत जावं तर दरवर्षीचंच. गोळी न घेता बसून राहावं तर आभाराच्या वेळी माईकवर काय बाहेर पडेल याची खात्री नाही. पणजोबांनी काय केलं असतं? पणजोबांना एक घोडा तरी होता, पळून जायला. नरसिंगरावांनी डावा डोळा झाकला आणि हसरा चेहरा केला.

शेजारी बसलेल्या पुष्पावतीनं मान न वळवता विचारलं, "काका, सुरू झालं ना?"

"नाही नाही. बरं आहे."

"हे असलं 'बरं' गिरिजाअक्कांना द्या," ती म्हणाली. "मला नको. माझा सत्कार बिघडला तर चालेल, पर्वागिल्ला. तुमचे आभार बिघडायला नकोत."

आपल्या आभाराची काळजी करणारं दुसरं कुणी माणूस या जगात आहे, हे ऐकून नरसिंगरावांना भरून आलं. आणि मग त्यांनी ते केलं, ज्याबद्दल मोहल्ला अजून बोलतो. ते उठले, वेंकोजीरावांना हातानं थांबवलं, डोक्यावरचा पेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि माईकपाशी गेले.

"मंडळी, माझं डोकं आत्ता, या क्षणी दुखायला लागलंय," ते म्हणाले. "अर्धशिशी गेलेली नाही. ती जाईल असं डॉक्टरांनी कधी सांगितलंही नव्हतं. फलक मी लिहिलाय, चूक माझी. आता मी तुमच्यासमोर गोळी घेतो आणि आत जाऊन पडतो. भाषणं चालू द्या, कुणी आटोपतं घेऊ नका. आभार मानायला मी परत येईन. येसाजी, तू माईकला हात लावायचा नाही."

सगळ्यांच्या देखत त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि कोठीत गेले. पोती ओळखीचीच होती. रुक्मिणीबाई मागोमाग आल्या, खिडकी लावली, ओला टॉवेल कपाळावर ठेवला आणि दाराशी बसून राहिल्या.

अंधारात पडल्या पडल्या नरसिंगरावांना सगळं ऐकू येत होतं. वेंकोजीरावांचा श्वास संपला. गिरिजाअक्का बोलायला उभ्या राहिल्या आणि लेपाची कृती पुन्हा पुन्हा सांगू लागल्या. दुखणं कानामागून चढत होतं. ते चढतच राहिलं असतं तर? पहिल्या रांगेतली ती बाई कपाळाचा पदर आणखी घट्ट बांधून घरी गेली असती, आणि पुष्पावतीच्या दवाखान्याची पायरी मोहल्ल्यातलं कुणी चढलं नसतं. येसाजीरावांचं भाषण सुरू झालं. ते बेट्टदपुरच्या पायथ्याशी होते. आश्चर्य म्हणजे ते घाई करत नव्हते; एकेक पायरी चढत होते. अर्ध्या डोंगरावर दुखणं जागच्या जागी थांबलं. शिखर दिसू लागलं तेव्हा दुखणं खाली उतरायला लागलं. डोळ्यातल्या ठिणग्या आधीच विझल्या होत्या, आता मळमळही गेली. येसाजीराव वर पोचले, देवळाला प्रदक्षिणा घातली, आणि सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा डोंगर परत उतरू लागले. हा माणूस आपल्यासाठी वेळ काढतोय, हे नरसिंगरावांच्या लक्षात आलं. ते उठून बसले.

"जाताय?" रुक्मिणीबाईंनी विचारलं आणि त्यांच्या धोतराचा सोगा नीट केला.

ते सभागृहात परत आले. येसाजीराव पायथ्यावरून थेट आपल्या खुर्चीत गेले. नरसिंगराव माईकसमोर उभे राहिले. घोटून तयार केलेलं ते आभारप्रदर्शन ओठांवर आलं आणि त्यांना कळलं, की ते आता चालायचं नाही. त्यातली माणसं सगळी विशेषणांची होती.

म्हणून ते साधंच बोलले. गिरिजाअक्का, म्हणाले, तुमच्या लेपानं कपाळ भाजलं. पण तो लावताना तुम्ही मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना गप्प बसवत होता, त्याचे आभार. वेंकोजीराव, शीर्षासन पुन्हा नको. पण मी पडलो तेव्हा तुम्ही मला धरलंत. येसाजी, तू आज तोच डोंगर चढून परत उतरलास, तेही माझ्यासाठी. रुक्मिणी, मी निजलो की तू रेडिओ बंद करत होतीस, फोडणी थांबवत होतीस, आणि हे मला आजवर आभार मानण्यासारखं वाटलं नव्हतं, याची मला लाज वाटते. आणि डॉक्टर, माझं काय दुखतं हे सगळ्यांनी विचारलं. माझं काय अडतं, हे तुम्ही विचारलंत.

मग त्यांनी आवाज खाली आणला, क्षणभर थांबले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य टाकलं: "कार्यक्रम संपन्न झाला असं मी जाहीर करतो."

कुणी चपला शोधल्या नाहीत. टाळ्या पडल्या त्या अशा, की ध्वनिवर्धक पुन्हा किंचाळला. गिरिजाअक्का डोळे पुसत होत्या. हेडकॉन्स्टेबलची बायको उठून व्यासपीठाच्या पायरीशी आली आणि कन्नडमध्ये पुष्पावतीला विचारू लागली, की दवाखाना सकाळी किती वाजता उघडतो. सत्कार तसेच राहून गेले होते; नरसिंगरावांनी आपल्या खुर्चीवरचा पेटा दोन्ही हातांनी उचलून पुष्पावतीच्या डोक्यावर ठेवला. तो दोन मापं लहान होता, आणि तिला अगदी बरोबर बसला.

"काका, आता खरं सांगा," ती म्हणाली. "गेलं का दुखणं?"

नरसिंगरावांनी सवयीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि डावीकडं मान कलवून आत नीट पाहून घेतलं.

"थोडं आहे अजून," ते म्हणाले. "पण मी पहिल्या पंगतीला बसतोय."

बिसीबेळे भात गरम होता. त्यातून वाफ येत होती. नरसिंगराव बराच वेळ नुसते त्या वाफेकडं बघत बसले, आणि मग वाढप्याला म्हणाले, "आणखी वाढ."